घरचे कान

पालिकेच्या बाई आल्या तेव्हा समोरच्या खोलीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि मोठा स्पीकर स्टुलावर चढून, लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा, सगळ्यांच्या नजरा झेलत बसला होता.

"उशीर नाही ना झाला?" बाईंनी विचारलं. त्यांचा घसा पार बसला होता. घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत कुठे मिळते, हे सांगायला त्या पालिकेच्या महिला विभागातर्फे वस्त्यावस्त्यांत सभा घेत होत्या. सभेला यायचे ते नवरे, आणि तेही फुकटच्या चहासाठी. बायका दाराआडून ऐकायच्या आणि ऐकलं नाही असं दाखवायच्या. शेवटी बाईंनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. बायका सभेला येत नाहीत ना, मग सभाच त्यांच्या खिडकीशी नेऊ. गाडीवर भोंगा लावू. आणि या शहरात भोंगा म्हटलं की पिढ्यानपिढ्या पुकारे करणारं हेच घर.

"झाला असता तरी तुमच्याशिवाय सुरू केलं नसतं," आई म्हणाली. नवरा गेल्यापासून घर, गाडी आणि दोन्ही मुलगे तिच्याच शब्दावर चालत. "थोरले, बाईंना कोमट पाणी दे. घसा बघ काय झालाय. आमच्याकडे असा घसा झाला तर चूल बंद पडते हो."

थोरली सून पाण्याला उठली. धाकटी कोपऱ्यात रेकॉर्डिंगच्या मशिनपाशी बसली होती. ती बाईंकडे बघून हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

"ऐकायच्या आधी आमचा नियम ऐका," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे आईची नणंद. एका कानानं ठार बहिरी, आणि त्याची वसुली दुसऱ्या कानानं करणारी. "या घरातून कुठलाच पुकारा थेट रस्त्यावर जात नाही. आधी घरचे कान."

या घराण्याचे पहिले दवंडीवाले म्हणजे तोफबाबा. हरवलेल्या गाढवाची दवंडी त्यांनी दिली तेव्हा गाढव तर आलंच, पण कधीचे घर सोडून पळालेले दोन जावईही निमूट परत आले. एकदा ते नुसते शिंकले, तर नदीपलीकडच्या गावानं बाजार बंद ठेवला. यातलं निम्मं खोटं आहे असं म्हणणारे लोक आहेत. पण नेमकं कुठलं निम्मं, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

नियमाची गोष्ट मात्र खरी असावी, कारण ती सांगताना या घरात कुणी हसत नसे. एका उन्हाळ्यात कुणीतरी बाबांना येऊन सांगितलं, खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी आता चांगलं झालंय, लोकांना कळवा. बाबांनी कळवलं. त्या पाण्याला वास येतोय हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, पण तिला विचारतो कोण? त्या उन्हाळ्यात खालच्या आळीत खांदा द्यायला माणसं पुरली नाहीत. तेव्हापासून ठरलं, की पुकारा आधी घरात वाजणार. घरातल्या कुणाच्याही कानाला तो खोटा वाजला तर त्यानं हात वर करायचा. कारण सांगायची सक्ती नाही. पुकारणाऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून, ती ओळ पुन्हा म्हणायची. हात खाली येईपर्यंत पुकारा उंबरठा ओलांडत नाही.

"सुनासुद्धा हात करू शकतात?" बाईंनी विचारलं.

"अहो, त्यांच्यासाठीच तर नियम," आत्या म्हणाली. "पोरं बोलतात, पाहुणे बोलतात, शेजारी तर न विचारता बोलतात. विहिरीचं ठाऊक असून गप्प बसली ती घरची बाई."

"आमची थोरली करते कधी कधी," आई हसून म्हणाली. "बुटांच्या सेलच्या वेळी तिनं अख्खी दुपार हात खाली घेतला नव्हता. धाकटीनं मात्र लग्न होऊन आल्यापासून एकदाही नाही." हे तिनं कौतुकानं सांगितलं.

तेवढ्यात धाकटा आत आला आणि खोली उजळली. थोरलीला दर वेळी असंच वाटायचं, आणि वाटल्याचा रागही यायचा. आवाजावरून साऱ्या शहरात त्याला मखमल म्हणत. उद्या नळाला पाणी येणार नाही हे त्याच्या तोंडून ऐकलेली माणसं पालिकेचे आभार मानायला जात, अशी त्याची ख्याती. थोरला भाऊ गाडी चालवी, तारा जोडी, बिघडलेले भोंगे दुरुस्त करी. पण लोक भाकरी देत ते मखमलीला, हे घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ठाऊक होतं.

"बाई, तुमच्या मजकुराचं जरा ऑपरेशन केलंय हं," धाकटा म्हणाला. "'सर्व नागरिकांस सूचित करण्यात येते की कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक तरतुदींच्या अनुषंगाने...' आमच्या गाडीचं इंजिनच बंद पडलं ते ऐकून."

"आमचं ऑफिस तसंच लिहितं," बाई ओशाळल्या.

"हे ऐकून मारणाऱ्याला झोप लागली असती," आत्या म्हणाली. "तेवढाच एक फायदा."

सगळे हसले. सगळ्यांत मोकळं हसला तो धाकटाच. मग त्यानं बायकोकडे न बघता चुटकी वाजवली आणि धाकटीनं बटण दाबलं.

"ऐका," स्पीकरमधून आवाज आला. "आज पाणी बंद नाही, कुठला सेल नाही. आज तुमच्या घराबद्दल बोलायचंय. तुमच्या घरात कुणी मार खात असेल, तर तो तिचा दोष नाही. मारणारा हात घरातलाच असला, तरी तो गुन्हाच आहे. भिंतीपलीकडून आवाज आला तर रेडिओ मोठा करू नका. दार वाजवा. आणि ताई, खिडकीशी उभी आहेस ना तू? ऐक. तू एकटी नाहीस. पालिकेचा हा नंबर दिवसरात्र चालू आहे..."

रेडिओची ओळ आली तसा थोरलीचा चेहरा उतरला. ही ओळ ऑफिसच्या मजकुरात नव्हती, ती धाकट्याची स्वतःची होती. जेवताजेवता सुचली म्हणून त्यानं सांगितली होती आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. तिनंही केली होती. तिची आणि धाकटीची खोली भिंतीला भिंत लावून. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या भिंतीतून आवाज येत. रडण्याचे नसत. काहीतरी पडल्याचे आणि मग कुणी काहीच न बोलल्याचे. थोरली रेडिओ लावायची. जुनी गाणी, बातम्या, मासळीचे भाव, जे लागेल ते. मग मध्ये कधीतरी आवाज थांबले. "निवळलं बाई त्याचं," ती नवऱ्याला म्हणाली होती आणि त्या रात्री तिला छान झोप लागली होती. याला ठाऊक होतं तर. रेडिओ कशासाठी लागतो ते याला भिंतीपलीकडे ठाऊक होतं.

पुकारा संपला. बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. हा आवाज बंद खिडक्यांतून आत जाईल, त्यांना वाटलं. आपण महिनाभर घसा फोडून जे जमलं नाही ते हा माणूस उद्या सकाळी एका फेरीत करील.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "दुसरा शब्द नाही."

"झालं तर मग." आई गुडघ्यांवर हात टेकून उठतच होती. रिवाज म्हणून तिनं विचारलं, "हात आहे का कुणाचा?"

कोपऱ्यात हात वर झाला होता.

सरळ नव्हता झाला. धाकटीचं उजवं मनगट न्हाणीघरात घसरल्यापासून पुरतं बसलंच नव्हतं. तो हात वर जाता जाता एका बाजूला कलला आणि तसाच थांबला. त्या हातानं ती भांडी घासे, मशिन चालवी, सगळं करी. पण डोक्याच्या वर गेलेला तो कुणी पाहिला नव्हता.

"अगं, मशिनचं काही राहिलं का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"कारण सांगायची सक्ती नाही, वहिनी," आत्या म्हणाली.

धाकटा हसला. "अरे वा! इतक्या वर्षांनी सरकारांना आमचा आवाज खोटा वाजला? बाई, आज तुमचं भाग्य. बोल, कुठली ओळ?"

"मारणारा हात."

"एवढंच ना?" तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. एक हात छातीशी नेला, बाईंकडे बघून जरा मिस्कील मान लववली आणि म्हणाला, "मारणारा हात घरातलाच असला, तरी तो गुन्हाच आहे."

निर्दोष. बाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हात वरच होता.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं त्याचं बोलणं साफ करायचं काम तिचं. दोन वाक्यांमधले श्वास कापायचे, अडखळणं कापायचं, खाकरणं कापायचं. त्याच्या कुठल्या श्वासानंतर काय येतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नाकातून आखूड श्वास आला की ती हातातलं भांडं खाली ठेवी, म्हणजे निदान ते तरी फुटू नये. काल ही ओळ साफ करताना तिनं ती पुन्हापुन्हा वाजवून पाहिली होती. कुठेतरी जीभ अडखळली असेल, कुठे श्वास चुकला असेल. काही नव्हतं. बुटांच्या सेलची ओळ असावी तशी गुळगुळीत. तेव्हा तिला भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. उद्या कुणी बाई खिडकीशी उभी राहून या आवाजावर विश्वास ठेवील. आपण ठेवला होता तसाच.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी मिस्कीलपणा नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. ते हवं तेव्हा आणता येतं हे आईला ठाऊक होतं. लहानपणापासून यायचं.

हात वरच.

"पुरे झालं," आई म्हणाली. "बाईंसमोर काय हा तमाशा? उद्या सकाळी गाडी निघायचीय. उद्या बोलेन मी तिच्याशी."

"नि-नियम आहे आई," थोरला म्हणाला. तो जन्मापासून अडखळे. तोफबाबांच्या वंशात असा मुलगा निपजला म्हणून त्याच्या बारशालाच लोकांनी सुस्कारे टाकले होते. आत्ताही तो जमिनीकडे बघूनच बोलला. "म्हणू दे त्याला."

धाकटा बायकोच्या अगदी जवळ गेला. पाठ सगळ्यांकडे, तोंड तिच्याकडे. त्यानं नाकातून एक आखूड श्वास घेतला.

"हात खाली घे."

तो मखमलीचा आवाज नव्हता. बारीक, सपाट, दाराला आतून कडी सरकवावी तसा. धाकटीखेरीज खोलीत कुणीच तो पूर्वी ऐकलेला नव्हता आणि तरी सगळ्यांनी ओळखला.

धाकटीचा हात खाली आला नाही.

आत्यानं आपला धड कान धाकट्याकडे वळवला होता. तो तसाच ठेवून ती म्हणाली, "हे मात्र खरं वाजलं."

मग धाकटा वळला. वळेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर हसू परत आलेलं होतं.

"काय गं आत्या तू पण. बाई, मनावर घेऊ नका. हिला मधूनमधून बरं नसतं. दिवसभर मशिनपुढे बसून डोकं..."

"थांबलं होतं ना गं?" मध्येच थोरली बोलली. धाकटीलाच विचारत होती आणि विचारता विचारता तिचा आवाज चिरकत गेला. "कितीतरी दिवसांत भिंतीतून काहीच... थांबलं होतं ना?"

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. आईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसऱ्या एखाद्या दिवशी ती जागच्या जागी विझली असती.

"थांबलं नाही, ताई," धाकटी म्हणाली. "खोली बदलली."

बोट दाखवायची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा आपोआप मागच्या दाराकडे गेल्या. तिथे रेकॉर्डिंगची खोली होती.

थोरल्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. ती खोली त्यानं बांधली होती. भंगारातून गाद्या आणल्या, अंड्यांचे ट्रे आणले, एकेक खिळा स्वतः ठोकला. दाराला रबराची पट्टी लावली. अखेरच्या दिवशी बायकोला बाहेर उभं केलं आणि आत जाऊन, दार लावून, जन्मात ओरडला नव्हता इतक्या मोठ्यानं ओरडला. बाहेर येऊन विचारलं, "आ-आलं का ऐकू?" ती म्हणाली, "काहीसुद्धा नाही!" तो नाचला होता. आयुष्यात एकदा घराण्याच्या आवाजासाठी त्याच्या हातून काहीतरी झालं होतं. येईल त्याला तो दार लावून दाखवायचा. बघा, टाचणी पडली तरी बाहेर कळायचं नाही.

"घरातलं घरात बघू," आई उठून बाईंच्या आणि धाकटीच्या मध्ये उभी राहिली. आवाज मऊ होता. पाहुण्यांना निरोप देताना असतो तसा. "नवरा-बायकोत कमीजास्त व्हायचंच. तुम्ही दमलाय बाई. उद्या सकाळी गाडी तुमच्या दारात येईल, पुकारा तयार असेल. माझा शब्द."

बाईंना क्षणभर, एकच क्षण, मोह झाला. उद्याची फेरी ठरली होती, साहेबांना कळवलं होतं. हा आवाज गेला तर दुसरा मिळायचा नाही. आणि असल्या घरात आणखी एक दिवस म्हणजे... त्यांनी स्वतःलाच तिथे अडवलं.

"आई, मी ऐकलंय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आता न ऐकल्यासारखं नाही करता येणार मला. हेच सांगत गल्लोगल्ली फिरतेय मी, माझंच मी नाही ऐकलं तर कोण ऐकेल?" त्या आईच्या बाजूनं पुढे झाल्या. "ताई, तुम्ही सांगा. आत्ता काय हवंय तुम्हाला?"

असं साधं सरळ धाकटीला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "हात दाखवायचाय. घसरले असं न सांगता."

"आणि?"

"तक्रार द्यायचीय. आणि रात्री इथे झोपायचं नाही. आणि मागून कुणी यायला नको."

"होईल," बाई म्हणाल्या. "राहायची सोय आहे आमच्याकडे. कुठे ते कुणाला सांगत नाही आम्ही." आणि त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, पोलीस चौकीला फोन लावला.

"दादा!" धाकटा ओरडला. आता त्याला कळलं होतं की हे खरंच होणार आहे. "बघत काय बसलायस? सांग तिला. तुझ्या गाडीला भोंगा आहे, पण भोंग्यात बोलणार कोण? तू? तू पुकारा करशील? 'पा-पा-पाणी' म्हणेपर्यंत पाणी येऊन जाईल! माझ्या घशावर जेवता तुम्ही सगळे. बायकापोरांसकट. हे विसरू नकोस."

खरं होतं ते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तसं वाटलं. थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. नेहमी अशा वेळी ती डोळ्यांनीच म्हणायची, जाऊ द्या, गप्प बसा. आज तिनं तसं काही म्हटलं नाही. ती उठली, दाराजवळच्या चपलांच्या ढिगातून धाकटीच्या चपला शोधून आणल्या आणि वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या. मोठ्या जावेनं धाकटीच्या चपला उचलल्या, हे या घरात घडलेलं कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

थोरल्यानं खिळ्यावरची किल्ली काढली.

"पु-पुढे बस तू," तो धाकटीला म्हणाला. "बाई आणि ही मागे बसतील. भ-भोंगे काढायला वेळ नाही, तसेच राहू देत."

धाकटी चपला घालायला वाकली, तेव्हाच तिचा हात खाली आला.

धाकटा दाराकडे झेपावला, पण आत्या तिच्या काठीसकट उंबऱ्यातच उभी होती. "ये," ती म्हणाली. "मला ढकलून जा. एवढ्या लोकांदेखत जमतंय का बघ." तो थांबला. लोकांदेखत त्याला कधीच जमलं नव्हतं. सगळी गोम तिथेच तर होती.

"तुम्ही पण येताय?" बाईंनी आत्याला विचारलं.

"येणार तर. साक्षीला माणूस नको का? फक्त एक सांगा, एकाच कानानं ऐकलेली साक्ष अर्धी धरतात का हो?"

"पूर्ण धरतात."

"मग चला."

बाई निघताना दारात घुटमळल्या. "आई, तुम्हीही चला आमच्याबरोबर. चौकीतून माणूस निघालाय, पण तो येईपर्यंत..."

"माझ्या घरात मला कसली भीती?" आई म्हणाली. "जा तुम्ही."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग कोपऱ्यावर वळल्याचा, मग काही नाही. खुर्च्या रिकाम्या होत्या. बाईंच्या पेल्यात पाणी उरलं होतं. आईनं तो उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरला.

"आई," धाकटा म्हणाला. तो मखमली आवाज, जो ऐकून ती भर तापात उठून त्याला भरवायला बसली होती, जो ऐकून तिनं थोरल्याला कितीदा म्हटलं होतं, तू मोठा आहेस ना, दे त्याला. "तू फोन कर ना त्यांना. तुझं ऐकतात सगळे."

"काय सांगू?"

"सांग की मी माफी मागतो."

"मागतोस?"

"मागतो ना."

"मग माग. मला ऐकव."

त्यानं माफी मागितली. गुडघ्यांवर बसून, तिच्या पदराचं टोक धरून मागितली. पुन्हा होणार नाही म्हणाला, मला राग येतो आणि मग काही कळत नाही म्हणाला, तूच समजू शकतेस म्हणाला. शब्द नि शब्द जिथल्या तिथे. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिला विश्वास ठेवायचा होता. देवाशपथ ठेवायचा होता. ती वाट बघत राहिली की आत कुठेतरी काहीतरी वितळेल, नेहमी वितळायचं तसं.

तिनं हळूच पदर सोडवून घेतला.

"काय झालं?" तो म्हणाला. "आई? बोल ना. काय झालं?"

तो उठला. त्यानं समोरच्या स्टुलाला लाथ घातली आणि स्पीकर दाणकन जमिनीवर आदळला, जाळी निखळून पलंगाखाली गेली. आईच्या हातातल्या पेल्यातलं पाणी तिच्या मनगटावर सांडलं.

तोही दचकला असावा. दोन्ही हात वर करून मागे सरला. "तुला नाही गं," तो म्हणाला. "तुला कधी काही केलंय का मी? बस ना. उभी का? बस."

"बसते," आई म्हणाली. "चौकीचा माणूस येईपर्यंत मी इथेच आहे. तूही बस तिथे."

तो बसला. तिनं एक खुर्ची ओढली, दारं सताड उघडी आहेत हे पाहिलं आणि बसली. मग तिच्या लक्षात आलं. खोलीत इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोटच्या पोरासमोर, ती दाराशी सगळ्यांत जवळ असलेल्या खुर्चीवर बसली होती.